आगळाचा फ्योर्ड

फ्योर्ड म्हणजे काय, हे मी आजवर खूप जणांना समजावून सांगितलं आहे. वर्गात, बोटीवर, एकदा तर दातांच्या डॉक्टरला, तोंडात कापूस असताना. पण मला स्वतःला तो नीट कळला तो करी रोडला, आमच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, ऑक्टोबरच्या उकाड्यात, शेजारणीच्या कोकमाच्या आगळात. हे सांगितलं की लोक हसतात. त्यांना वाटतं मी गंमत करते आहे. मला गंमत करायची असली तर मी सांगून करते.

आधी थोडं शास्त्र सांगते, म्हणजे पुढे अडायला नको. उत्तरेकडच्या थंड देशांत डोंगरांच्या मधून समुद्र आत घुसलेला असतो, अरुंद आणि फार खोल. त्याला फ्योर्ड म्हणतात. त्याच्या तोंडाशी, पाण्याखाली, दगडामातीचा एक उंचवटा असतो. पूर्वीच्या हिमनद्यांनी आणून टाकलेला. त्याला आमच्या विषयात उंबरठाच म्हणतात. म्हणजे फ्योर्ड ही उंबरठा असलेली पाण्याची खोली. नद्यांचं गोडं पाणी हलकं, ते वर पसरतं. खारं पाणी जड, ते खाली बसतं. तळाचं पाणी उंबरठ्याच्या आत अडकून पडतं, त्याला बाहेरची हवा लागत नाही. वरून पडलेलं सगळं तिथे कुजतं आणि पाण्यातला ऑक्सिजन संपत जातो. काही फ्योर्डांच्या तळाचं पाणी वर काढलं तर सडक्या अंड्यांचा वास येतो. मग कधीतरी, वारे जुळून आले की, बाहेरच्या समुद्रातलं त्याहून जड पाणी उंबरठा ओलांडून आत येतं, उतारावरून तळाला जातं आणि जुन्या पाण्याला वर उचलतं. ही अदलाबदल कधी पुरी होते आणि कधी अर्धवट राहते, हा माझ्या प्रबंधाचा विषय होता.

मी मुंबईत भौतिकशास्त्रात पदवी घेऊन पुढच्या शिक्षणासाठी नॉर्वेला गेले, तेव्हा आमच्या शेजारच्या काकीने मला विचारलं होतं, "आपल्याकडे समुद्र नाय काय? तो बघूक इतक्या लांब कित्याक जातस?" मी तिला म्हटलं, "काकी, तिथला समुद्र घरात शिरलेला असतो." ती म्हणाली, "तो तर आमच्याकडे पावसाळ्यात तळमजल्याच्या मोरीतून येता."

काकी आमच्या भिंतीपलीकडे राहते. भिंत म्हणण्यापेक्षा पडदा म्हणावा इतकी ती पातळ आहे. तिचे यजमान गेले, मुलगी लग्न होऊन डोंबिवलीला गेली, आणि काकी एकटी राहिली, म्हणजे कागदावर एकटी. प्रत्यक्षात मजल्यावरच्या निम्म्या घरांच्या किल्ल्या तिच्या फडताळातल्या खिळ्यावर असतात. कारण पाणी. आमच्याकडे पाणी सकाळी येतं आणि थोड्या वेळाने जातं. त्या वेळात ज्याला घरी राहता येत नाही त्याचं पाणी काकी भरते. ते तिने कधी कोणाला विचारून केलं नाही आणि कोणी तिला सांगूनही नाही, तो मजल्याचा रिवाज आहे. पाणी भरण्याची तिची एक पद्धत आहे. आधी कालचं उरलेलं सगळं ओतायचं, मग भांडं घासायचं, मग ताजं भरायचं. पोळी शिळी चालते, भात तर शिळा झाला की फोडणीला अधिकच चांगला. पाणी मात्र शिळं चालत नाही. पिंपाच्या तळाशी चार तांबे उरलेले असले तरी ते जातात, एक तर झाडांना नाहीतर मोरीत. ती लहानपणापासून तसं करत आली आणि तिच्यामुळे आम्ही सगळे तसंच करतो. नॉर्वेच्या वसतिगृहात नळाला चोवीस तास पाणी असताना मी सकाळी बाटली रिकामी करून पुन्हा भरत असे. माझ्या खोलीतल्या मुलीला वाटायचं की हा काहीतरी धार्मिक विधी आहे.

दुसरं वर्ष सुरू झालं आणि बाबा जिन्यावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. मी एकुलती एक, त्यामुळे पुढचं विमान पकडून घरी आले. परळच्या हॉस्पिटलात शस्त्रक्रिया झाली, बाबा घरी आले, पण चालायला बराच वेळ लागणार होता आणि आई एकटीने त्यांना उचलू शकत नव्हती. माझ्या प्राध्यापकबाई समजूतदार. त्या म्हणाल्या, तुझं कॉम्प्युटरवरचं काम तू तिकडून कर. पण एक गोष्ट राहत होती. मी कॉम्प्युटरमध्ये फ्योर्ड बनवून त्यात पाणी आत येताना दाखवलं होतं, आणि समितीचं म्हणणं होतं की कॉम्प्युटरमधलं पाणी सांगू ते ऐकतं, खरं पाणी ऐकत नाही. तेव्हा काचेच्या टाकीत, खऱ्या पाण्याने, एकदा तरी हे होताना दाखव. तो प्रयोग तिकडच्या प्रयोगशाळेत व्हायचा होता आणि मी इकडे बाबांच्या खाटेपाशी होते. समितीची तारीख बदलणार नव्हती. ती हुकली तर पुढची बैठक माझ्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर, म्हणजे पदवी हातची गेलीच.

मी त्यांना लिहून टाकलं की टाकी मी घरी बनवते आणि त्या दिवशी मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर प्रयोग करून दाखवते. लिहून झाल्यावर माझी पाचावर धारण बसली. आमची खोली म्हणजे बाबांची खाट, ओटा, मोरी आणि उरलेल्या जागेत आई.

पण एकेक होत गेलं. घोडपदेवला माशांच्या टाक्या बनवणारा एक जण आहे, त्याने मला हवी तशी लांबट टाकी जोडून दिली. किती मासे ठेवणार विचारलं, मी एकही नाही म्हटलं, तेव्हा त्याने माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. उंबरठा करून दिला आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या कारखान्यातल्या दादांनी. मी शाडूच्या मातीचा करा म्हणून गेले होते. ते म्हणाले, "अगं, शाडू पाण्यात विरघळायलाच असतो. ऐन वेळी तुझ्या उंबरठ्याचं विसर्जन होईल." मग त्यांनी प्लास्टरचा केला आणि वरून तेलरंगाचे हात मारले. गणपतीच्या पितांबराचा पिवळा रंग उरला होता, तोच लावला. माझ्या फ्योर्डचा उंबरठा पितांबरी होता. टाकीच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला फ्योर्ड, मध्ये उंबरठा, आणि समुद्राच्या बाजूला वर सरकवता येणारी एक प्लास्टिकची फळी. फळीमागे अगदी खारं, निळं पाणी. फ्योर्डच्या तळाशी त्याहून कमी खारं, लाल पाणी. लाल पाण्यावर गोडं, बिनरंगाचं. फळी उचलली की निळं पाणी उंबरठा ओलांडून आत शिरावं आणि लालच्या खाली जावं, एवढीच अपेक्षा.

यात अवघड असतं ते थर लावणं. पाणी धसमुसळेपणाने ओतलं की सगळं एक होतं. स्पंजाचा तुकडा पाण्यावर तरंगत ठेवून त्यावर बारीक धारेने ओतावं लागतं. नंतर टाकीला कोणी हात लावायचा नाही, पाणी शांत व्हायला हवं, त्यातले बुडबुडे जायला हवेत, खोलीच्या उष्णतेशी त्याचं जमायला हवं. बैठकीच्या आदल्या दिवशी मी हे सगळं मनासारखं जमवलं. टाकी खिडकीशी, दोन लोखंडी पेट्यांवर. त्या पाण्यासाठी आईने दोन दिवस आंघोळीच्या पाण्यात काटकसर केली होती. निळं पाणी बाजूला बादलीत झाकून ठेवलं. टाकीवर माझी जुनी ओढणी घातली, धूळ नको म्हणून. बाबा खाटेवरून म्हणाले, "आता हिला दृष्ट लागायला नको." मला स्वतःचा इतका अभिमान वाटत होता की मी चहा दोनदा प्यायले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना तपासणीला न्यायचं होतं. परळच्या त्या हॉस्पिटलात नंबर लावायचा तर लवकर निघावं लागतं, पाणी यायच्या आधीच. समितीची बैठक आमच्या दुपारी होती, तोवर परत यायला भरपूर वेळ होता. आईने निघताना काकीच्या दारावर टकटक केली. "किल्ली आहे ना तुमच्याकडे? आज सगळं भरून ठेवा हं. एकही भांडं रिकामं ठेवू नका, ह्यांना डॉक्टर आंघोळ सांगणार आहेत बहुतेक." काकी हो म्हणाली. मी बाबांचा वॉकर धरून जिन्याशी उभी होते. मीही ऐकलं, आणि मलाही काही सुचलं नाही.

डॉक्टर खूश होते. बाबांनी चार पावलं टाकून दाखवली. आम्ही टॅक्सीने परत आलो, मजल्यावरच्या दोन पोरांनी बाबांना खुर्चीत बसवून वर आणलं, आणि मी पुढे होऊन दार ढकललं. टाकी लख्ख होती. रिकामी. आतून-बाहेरून अशी घासलेली की काच आहे की नाही कळू नये. पितांबरी उंबरठा नव्यासारखा चमकत होता. ओढणी धुऊन वाळत घातलेली. निळ्या पाण्याची बादली पालथी.

काकी मागोमाग आलीच, पदराला हात पुसत. चेहरा पडलेला. "सगळा भरून ठेवलंय हां. पिंप, हंडे, कळश्या, सगळा. तुझी ती काचेची पेटी तेवढी रवली गो. घासून घेतलंय आणि नेमका पाणी गेला. माका इतका वायट वाटला."

ती माफी मागत होती, टाकी भरायची राहिली म्हणून.

माझा राग आमच्या मजल्यावर प्रसिद्ध आहे. शाळेत असताना मी एकदा पतंग कापला म्हणून पलीकडच्या चाळीशी भांडायला गेले होते, एकटी. त्या क्षणी माझ्या डोक्यात काय काय आलं ते आईला बरोबर दिसलं असावं, कारण तिने मागून माझा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता. मी एवढंच म्हणाले, "काकी, ते पाणी ओतायचं नव्हतं गं."

"लाल झालेला. वर झाकण नाय, फडको घातलेलो. शिळा झाला होता ता."

"शिळंच करत होते मी ते," मी म्हणाले. "शिळं पाणीच हवं होतं मला. आज दुपारी ते दाखवायचं आहे, नाहीतर माझी पदवी जाईल."

काकी आमच्या उंबरठ्यावर खाली बसली. मी काकीला यजमान गेले तेव्हा पाहिलं होतं, मुलगी सासरी निघाली तेव्हा पाहिलं होतं, पण तिला असं मटकन खाली बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. माझा राग कुठच्या कुठे गेला, आणि त्या जागी नुसती भीती राहिली. आई म्हणाली, "मीच सांगितलं होतं त्यांना, एकही भांडं ठेवू नका म्हणून." बाबा खाटेवर बसत म्हणाले, "आता चूक कोणाची ते रविवारी ठरवू. दुपारपर्यंत काय करता येईल ते बोला."

काकी उठली. "काय काय होया ता सांग," ती म्हणाली.

हवं होतं पाणी, मीठ, आणि दोन रंग. पाणी आता उद्या सकाळी येणार होतं. आमच्या घरात होतं तेवढं सगळं टाकीत ओतलं असतं तरी ती निम्मीही भरली नसती, आणि बाबांनाही पाणी लागणारच होतं. मी हे बोलून संपवायच्या आत काकी गॅलरीत गेली होती. तिने मजल्यावरच्या दारांवर जाऊन काय सांगितलं ते मला माहीत नाही. कोणाला फ्योर्ड समजावून सांगायला वेळ नव्हता, आणि तिलाही तो समजला नव्हता. पण बायका यायला लागल्या. कोणाच्या कमरेवर कळशी, कोणाच्या हातात बादली, एकीच्या हातात फ्रिजमधल्या बाटल्या. प्रत्येकीचं घर दुसऱ्या दिवशीपर्यंत त्याच पाण्यावर चालायचं होतं. "हे चालेल ना?" एवढंच विचारत होत्या. एका आजींनी काशीहून आणलेला गंगाजलाचा गडू पुढे केला. मी म्हटलं, आजी, तो राहू द्या, समितीला झेपणार नाही.

आता अडचण अशी की हे सगळं पाणी सारखं नव्हतं. गॅलरीतल्या पिंपातलं उन्हाने तापलेलं, माठातलं गार, फ्रिजमधलं अगदी थंड. थंड पाणी जड असतं. अशा पाण्याचे थर लावले तर खारं कुठे आणि थंड कुठे, काही कळलं नसतं. मी आमचं मोठं पिंप अर्धं उपसलं, सगळ्यांचं पाणी त्यात एकत्र केलं आणि लाटण्याने ढवळत बसले. कुठल्या घरचं कुठलं ते पुढच्या मिनिटाला कोणालाच सांगता आलं नसतं. मला त्या गडबडीतही ते फार बरं वाटलं होतं.

मीठ आलं. पिशवीतलं बारीक मीठ पाण्यात गढूळ होतं, खडेमीठ हवं असतं. ते आमच्याकडे प्रत्येक घरात असतंच, दृष्ट काढायला. त्या दिवशी आमच्या मजल्यावरचं दृष्ट काढायचं सगळं मीठ माझ्या समुद्रात गेलं. बाबा म्हणाले, "आता बिघडायची हिंमत नाही कोणाची." निळा रंग म्हणून कपड्यांची नीळ मिळाली. लाल मात्र मिळेना. कुंकू विरघळत नाही, रांगोळीचा रंग खाली बसतो. माझा खाण्याचा रंग मोरीतून कधीच खाडीला पोचला होता. तेवढ्यात काकी तिच्या खोलीतून एक मोठी काचेची बाटली घेऊन आली. आगळ. मे महिन्यात गावाहून येतं, कोकमाचा घट्ट, मीठ घातलेला रस. तिची वर्षभराची सोलकढी त्या बाटलीत होती.

"काकी, नको," मी म्हटलं. "एवढं सगळं जाईल."

"लाल आसा मां? मग घे."

मी एका ग्लासात पाणी घेऊन त्यात आगळाचा थेंब सोडला. तो सरळ तळाला गेला आणि तिथे पसरला. आगळात मीठ असतं, ते जड असतं, हे मला सोलकढी खाऊन मोठं झाल्यावरही सुचलं नव्हतं. मग मी ग्लासांवर ग्लास मांडले. थोडं मीठ, थोडं आगळ, मग निळ्या पाण्याचा थेंब वरून सोडून बघायचा, तो लालच्या खाली जातो की नाही. गेला की माझा जीव भांड्यात पडायचा. काकी शेजारी बसून प्रत्येक थेंबाकडे टक लावून बघत होती, आणि बुडाला की मान डोलवत होती.

गोडं पाणी ओतायचं काम आईने केलं. स्पंजावर, तांब्याच्या कडेने, सुतासारख्या धारेने. मी मध्ये मध्ये "हळू, हळू" करत होते, शेवटी ती म्हणाली, "तू बाहेर जाऊन उभी राहा." मी गेले. परत आले तेव्हा तळाशी आगळाचा लाल थर होता आणि वर स्वच्छ पाणी, आणि फळीमागे नीळ घातलेलं खारं. मधली रेघ कालच्यासारखी धारदार नव्हती, जरा धुरकट होती. पाण्याला शांत व्हायला हवा तेवढा वेळही नव्हता. पण जे होतं ते होतं, आणि बैठक सुरू होत होती.

मोबाइल स्टुलावर डब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर प्राध्यापकबाई आणि समितीचे दोघे, स्वेटर घालून. इकडे मी घामाने निथळत होते, आणि माझ्यामागे दारात आमचा सगळा मजला उभा होता. मला कॅमेरा सांभाळून बोलायचं होतं, त्यामुळे फळी दुसऱ्या कोणी तरी उचलायला हवी होती. मी काकीकडे पाहिलं. ती मागे सरकली. म्हणाली, माझा हात लागला की बिघडतं. आई म्हणाली, "बिघडलं तर तुमच्याच हातून बिघडू दे आता." हे आईचं प्रेम आहे, अनोळखी माणसाला ते कळत नाही.

काकीने फळी धरली. मी मान हलवली. तिने ती सरळ वर घेतली, हेलकावा न देता.

निळं पाणी क्षणभर उंबरठ्याशी थांबल्यासारखं वाटलं. मग पिवळ्या कडेवरून ते आत वळलं, उंबरठ्याच्या पाठीवरून खाली उतरलं आणि आगळाच्या खाली शिरलं. पुढे पुढे जात राहिलं, टाकीच्या दुसऱ्या टोकाच्या भिंतीला लागेपर्यंत. आणि तळाचं लाल पाणी, इतका वेळ पडून राहिलेलं, हळूहळू वर उचललं गेलं. मी वर्षाहून अधिक काळ ज्याची समीकरणं लिहीत होते ते मी पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहत होते, आणि ते दाखवायला मजल्यावरच्या सगळ्या घरांचं पाणी लागलं होतं. मला रडू येत होतं आणि मोबाइलवर मला त्याचं विवेचन करायचं होतं. मी दोन्ही केलं.

काकी हळूच म्हणाली, "म्हणजे थंय पण शिळा पाणी बदलतत." मग जरा थांबून, "मग मी काय वेगळा केलंय?"

सगळे हसले. पडद्यावरच्या बाईंनी विचारलं, काय म्हणाल्या त्या. मी भाषांतर करून सांगितलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. निळं पाणी माझ्या कॉम्प्युटरमधल्यापेक्षा सावकाश गेलं होतं आणि वाटेत लालशी जास्त मिसळलं होतं. त्या म्हणाल्या, तुझ्या धुरकट रेघेमुळे असेल, पण खऱ्या फ्योर्डमध्ये तरी धारदार रेघ कुठे असते, तेव्हा हे असंच लिही, लपवू नकोस. समितीतल्या एकाने चित्रीकरण फारच स्वच्छ आल्याबद्दल माझं कौतुक केलं. काच कशाने साफ केली, विचारलं. मी अंदाजाने म्हटलं, चिंचेने. अंदाज खरा होता, हे काकीने नंतर मला काच घासून दाखवलं.

प्रकरण मंजूर झालं. पदवी वेळेवर मिळाली. प्रबंधात, जिथे साहित्य आणि पद्धत लिहितात तिथे, लाल रंग म्हणून कोकमाचं शास्त्रीय नाव छापलेलं आहे, आणि शेवटच्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं की हे कुठल्या पुरवठादाराकडून घेतलं. मी म्हटलं, शेजारून.

पण मला त्या दुपारपेक्षा जास्त आठवते ती तिच्या नंतरची सकाळ. त्या दिवशी आमच्या मजल्यावर सगळ्यांनी कसंबसं भागवलं. कोणी कपडे धुतले नाहीत, कोणी खालच्या मजल्यावरून तांब्याभर आणलं. टाकीतलं पाणी खारं, लाल आणि निळं, कशाच्याच उपयोगाचं नव्हतं. दुसऱ्या सकाळी पाणी यायच्या वेळेला मी आणि आई आधीच तयार होतो. आईने सगळ्यांना सांगून टाकलं होतं की आज पाणी आम्ही भरणार, तुम्ही बसा. किल्ल्यांची गरज नव्हती, दारं उघडीच होती. आई त्या टोकापासून लागली आणि मी या टोकापासून, म्हणजे काकीपासून.

काकी तिच्या खाटेवर बसून चहा पीत होती. मी तिच्या ओट्याखालचं पिंप पाहिलं. कोरडं. हंडे पाहिले, कोरडे. कळश्या पालथ्या. मजल्यावरच्या इतर घरांनी कळशीभर, बादलीभर दिलं होतं. काकीने सगळं दिलं होतं. फक्त पिण्याच्या हंड्याच्या तळाशी तांब्याभर पाणी उरलं होतं. कालचा अख्खा दिवस, उकाड्यात, ती एवढ्यावर राहिली होती, आणि त्यातलंही थोडं तिने ठेवलं होतं, कोणाला लागलं तर.

मी तो हंडा हातात धरून मोरीशी उभी राहिले. मला ते पाणी ओतवेना.

काकीने चहाचा कप खाली ठेवला. "टाक गो ता," ती म्हणाली. "शिळा झाला."

मी ओतलं. हंडा चिंचेने घासला, विसळला आणि नळाखाली लावला.